सहस्रकुंडाच्या वाटेवर आत्याचं घर

आमच्या घरी सहलीची व्याख्या बाबांनी ठरवलेली होती. सकाळी निघायचं, दिवस मावळायच्या आत घरी यायचं आणि विकतचं खायचं नाही. यात बसेल ती सहल, बाकी सगळी उधळपट्टी. मुक्काम म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे लॉजच्या गाद्या यायच्या, आणि त्या गाद्यांवर आपल्याआधी कोण झोपलं असेल या विचारानं त्यांना आपल्याच घरात झोप लागायची नाही. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, विद्यार्थी दोनच उरले, आई आणि मी.

यवतमाळात राहून या व्याख्येत जेवढं बसतं तेवढं सगळं आम्ही पाहिलं. बाभुळगावकडच्या धरणाच्या भिंतीजवळ सतरंजी टाकून बसलो. टिपेश्वरच्या जंगलात जाऊन आलो. वाघ दिसला नाही, तेव्हा बाबांनी वाघाची माहिती सांगून भरपाई केली. परतताना केळापूरला देवळाच्या आवारात झाडाखाली डबा सोडला. आमच्या घरात देवाधर्माचं काही नाही, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. पण जेवायला सावली कोणाचीही चालते, यावर घरात एकमत होतं. डबाही ठरलेला असायचा: तिखटमिठाच्या पुऱ्या, आलूची सुकी भाजी, कैरीचं लोणचं. आई पहाटे उठून पुऱ्या तळायची आणि मोठ्या स्टीलच्या डब्यात गरम असतानाच भरायची. त्यामुळे दुपारपर्यंत त्या थोड्या ओलसर व्हायच्या. मला त्या तशाच आवडायच्या.

ही ठिकाणं बाबांनी निवडलेली. आईनं निवडलेलं ठिकाण एकच होतं आणि तिथे आम्ही वर्षानुवर्षं पोचलो नाही.

ते ठिकाण म्हणजे सहस्रकुंड. उमरखेडच्या पुढे, पैनगंगेवरचा धबधबा. आईनं तो पहिल्यांदा एका कृषी केंद्राच्या कॅलेंडरवर पाहिला. ऑगस्टच्या पानावर काळ्या खडकांमधून पांढऱ्या पाण्याच्या असंख्य धारा पडताना दाखवल्या होत्या आणि खाली कीटकनाशकाची जाहिरात होती. आईला वाटलं काश्मीर-बिश्मीर असेल. बाबा म्हणाले, आपल्याच जिल्ह्यातलं आहे. आई त्यांच्याकडे बघतच राहिली, जणू इतकी वर्षं त्यांनी ही गोष्ट मुद्दाम लपवून ठेवली होती. तिनं जाहिरातीचा भाग कापून टाकला आणि चित्र स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलं. दार उघडं असलं की ते भिंतीकडे जायचं, बंद केलं की दिसायचं. आईनं आमच्याकडे फारसं काही मागितल्याचं मला आठवत नाही. साडी घ्यायला नेलं तरी ती दुकानदाराचा वेळ वाया जातोय म्हणून पहिलीच घेऊन उठायची. सहस्रकुंड मात्र तिला हवं होतं, आणि ते भरून वाहत असतानाच पाहायचं होतं. ते पावसाळ्यातले थोडे आठवडेच तसं असतं.

अडचण पावसाची नव्हती, रस्त्याचीही नव्हती. अडचण आत्याची होती.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा तिला बाई म्हणायचे, म्हणून आईही बाई म्हणायची. ती महागाव तालुक्यातल्या एका गावात दिलेली, आणि तिचं घर नेमकं रस्त्याला लागून, ओटा रस्त्याकडे तोंड करून. यवतमाळहून सहस्रकुंडाला जायचं तर आर्णी सोडल्यावर त्या ओट्यासमोरूनच जावं लागायचं. आत्या विधवा होती. मुलगा आणि सून दिवसभर वावरात, त्यामुळे दिवसा ती एकटीच ओट्यावर बसून असायची. कधी तुरी निवडत, कधी नुसतीच. तिच्या नजरेतून रस्त्यावरचं काही सुटायचं नाही. आमची जुनी पांढरी गाडी तर तिला आवाजावरून कळायची.

सख्ख्या बहिणीच्या दारावरून भाऊ न थांबता जातो, हे आमच्याकडे होत नाही. तेव्हा थांबायचं. थांबलं की चहा. चहा घेऊन उठावं तर ती म्हणायची, "जेवल्याबिगर जाऊ देत नसतो मी," आणि तोवर चुलीवर काहीतरी चढलेलं असायचं. पण खरी गोम यात नव्हती. जेवूनही दुपारी पुढे जाता आलं असतं. गोम होती ती आमच्या बोलण्यात.

गाडीतून उतरून जय भीम झाला की आत्या विचारायची, "पुढं कुठी जाचं हाय का?" आणि बाबा म्हणायचे, "नाही नाही, तुह्याकडंच आलो."

हे दर वर्षी. मी लहान असताना मला हे खोटं वाटायचं, मोठी झाल्यावर ती रीत वाटायला लागली. रस्त्यात पडलं म्हणून तुझ्याकडे थांबलो, असं बहिणीला तोंडावर सांगणं म्हणजे तिला धाब्याच्या पंक्तीला बसवणं. तिच्याकडे यायचं तर तिच्याचसाठी आलो असं म्हणायचं. एकदा तसं म्हटल्यावर मग दोन वाजता उठून, बरं येतो आम्ही, असं उमरखेडच्या दिशेनं निघता येत नाही. जे तुमच्याचसाठी आले ते तुमच्याकडेच दिवस काढतात. तरोट्याची रानभाजी, भाकरी, वरणभात, मग बाबांची डुलकी, मग पुन्हा चहा, मग आत्या डिकीत तुरीच्या डाळीची पिशवी ठेवणार, आणि बाबा घड्याळ बघून दिवस मावळायचा हिशेब सांगणार. गाडी यवतमाळकडे वळायची. आई मागे वळून पाहायची नाही, पण आर्णी येईपर्यंत बोलायचीही नाही.

आणि डबा. ज्यांच्याकडे जेवायला आलो त्यांच्या घरी पुऱ्यांचा डबा नेणं याहून मोठा अपमान आमच्याकडे नाही. म्हणून गाव जवळ आलं की आई डबा पुढच्या सीटखालून काढून डिकीत जुन्या चादरीखाली सारायला लावायची. संध्याकाळी तो तसाच घरी परत यायचा. आम्ही टीव्हीसमोर बसून सहस्रकुंडाच्या पुऱ्या खायचो. बाबा म्हणायचे, छान झाली सहल. मी एकदा चिडून म्हटलं होतं की आपण दर वर्षी सहस्रकुंडाला जातो आणि दर वर्षी तरोटा खाऊन येतो. आई हसली, पण तिनं उठून स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घेतलं.

दुसरा एखादा उपाय आम्ही केला नाही असं नाही. एकदा सांगितलं की शेजाऱ्याच्या नातेवाइकाकडे उमरखेडला जायचं आहे. आत्यानं विचारलं, कोण, कोणाकडचे, आडनाव काय. बाबांना खोटं एका वाक्यापुरतं जमायचं, दुसऱ्या प्रश्नाला ते घामाघूम व्हायचे. शेवटी तेच म्हणाले की जाऊ दे, तेवढं काही महत्त्वाचं नाही, आणि चप्पल काढून आत गेले. एकदा मी सुचवलं की आत्याला सरळ खरं सांगू. आई-बाबा दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू तिच्या ओट्यावर कचरा टाकायला सांगितला होता.

एका वर्षी आत्याला डबा दिसला. डाळीची पिशवी ती स्वतः डिकीत ठेवत होती, चादर सरकली आणि स्टीलचा डबा उघडा पडला. मी शेजारीच उभी होते. आत्यानं डबा उचलून पाहिला, तो चांगलाच जड होता. तिनं तो पुन्हा जागेवर ठेवला, चादर नीट ओढली, पिशवी त्याला टेकवून ठेवली आणि डिकी लावली. मला बोलली नाही, आईलाही नाही. मी गाडीत आईला सांगितलं. आईला त्या रात्री पुऱ्या गोड लागल्या नाहीत. पुढच्या वर्षी आत्यानं तोच प्रश्न विचारला, बाबांनी तेच उत्तर दिलं. फक्त एवढंच लक्षात आलं की आत्यानं त्या दिवशी ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. बाबा म्हणाले, आपण येणार म्हणून नेसली.

मग दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे आईला काचबिंदू निघाला. ती भाजी चिरताना बाजूचं ताट धक्क्यानं पाडायला लागली, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की कडेची नजर गेली आहे, ती परत येणार नाही. थेंब घालत राहायचे आणि आहे तेवढी टिकवायची. बाबांनी बाहेर येऊन मला तेच पुन्हा समजावलं, वर्गात समजावतात तसं, पायरी पायरीनं, आणि शेवटची पायरी सांगायची सोडूनच दिली. आई बाकावर चष्मा पुसत बसली होती. ती म्हणाली, "मंग यंदा सहस्रकुंड करून टाकू."

दुसरी गोष्ट रस्त्याची. चौपदरी रस्ता झाला आणि आत्याचं गाव त्यानं बाहेरच ठेवलं. नवा रस्ता उंचावरून, सोयाबीनच्या वावरांमधून जायला लागला. जुना रस्ता खाली एकटा पडला. आता कुणाच्याही ओट्यासमोरून न जाता उमरखेड गाठता येत होतं.

हे आमच्यापैकी कोणी बोलून दाखवलं नाही. त्या वर्षी जुलैत चांगला पाऊस झाला, मग उघडीप पडली. बाबा एका संध्याकाळी म्हणाले की उद्या जाऊ. आईनं पीठ भिजवलं. सकाळी आर्णी मागे पडलं आणि गाव जवळ आलं, तशी बाबांनी गाडी हळू केली. फाटा आला. डावीकडे जुना रस्ता गावात उतरत होता, समोर नवा सरळ जात होता. बाबांनी आरशातून आईकडे पाहिलं. आईनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, अर्ध्या तोंडावर धरला आणि समोर बघत बसली. बाबा सरळ गेले. वरून गावातली टाकी दिसली, शाळेची पत्र्याची छपरं दिसली. कोणाच्या तरी वावरात बैलांनी डवरणी चालू होती, पिकातलं तण निघत होतं. माझी आत्या तिथून दिसणं शक्यच नव्हतं, पण आम्ही तिघंही खाली वाकल्यासारखे बसलो होतो. गाव मागे गेल्यावर आईनं पदर सोडला. मला हसू येत होतं आणि थोडी लाजही वाटत होती.

सहस्रकुंड भरून वाहत होतं. गाडीतून उतरल्याबरोबर आवाज आला, आणि तो कमी होईल असं वाटत असताना वाढतच गेला. आई आमच्या पुढे चालत होती, डोळ्यांचं सगळं विसरून. कठड्याशी आलो. कॅलेंडरमधल्या पांढऱ्या धारा कुठेच नव्हत्या. खडक पाण्याखाली गेले होते आणि आख्खी नदी एकाच पट्ट्यात, मातकट, खाली कोसळत होती.

"हे तं चहासारखं हाय," आई म्हणाली.

मला वाटलं ती नाराज झाली. पण ती तिथून हललीच नाही. कडेची नजर नसल्यामुळे तिला एका वेळी सगळं दिसत नव्हतं. म्हणून ती मान या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायची आणि परत पहिल्यापासून सुरू करायची. तुषारांनी तिचा चष्मा भरला. ती पुसायची आणि पुन्हा पाहायची. पाणी पार नांदेडकडच्या तीरापर्यंत भिडलेलं. बाबा माहिती सांगायला लागले होते, मी त्यांना थांबवलं. मला त्या वेळी फार बरं वाटलं. मी तिचे भरपूर फोटो काढले. बाजूच्या एका उथळ ओढ्याच्या कडेला ती पाय बुडवून बसली आणि तिथेच आम्ही पुऱ्या खाल्ल्या. डबा पहिल्यांदा जागेवर रिकामा झाला.

परतताना बाबांची चुळबुळ सुरू झाली. उमरखेड सोडलं, तसं त्यांनी सांगून टाकलं की बाईला तोंड दाखवल्याशिवाय घरी जाणं बरं दिसणार नाही. आई लगेच हो म्हणाली. जाताना न थांबल्याचा दोघांनाही सकाळपासून त्रास होत होता हे मला तेव्हा कळलं. पण मग दुसराच प्रश्न उभा राहिला. आमची गाडी उमरखेडच्या बाजूनं गावात शिरली तर आत्याला कळणार. बाबांनी यावर काय करावं? गाव ओलांडून ते नव्या रस्त्यानं यवतमाळच्या दिशेनं पुढे गेले, सकाळच्या त्या फाट्यापर्यंत, तिथे गाडी वळवली आणि जुन्या रस्त्यानं खाली उतरून, जणू आत्ताच यवतमाळहून येतोय अशा थाटात, आत्याच्या ओट्यासमोर उभी केली. इतका विचार त्यांनी स्वतःच्या पेन्शनच्या कागदांचाही केला नव्हता.

आत्या ओट्यावरच होती. जय भीम झाला. तिनं विचारलं, "पुढं कुठी जाचं हाय का?" बाबा म्हणाले, "नाही, तुह्याकडंच आलो." ती म्हणाली की यंदा लय उशिरा आले. बाबांनी टायर पंक्चर झाल्याचं सांगितलं. ती बरं म्हणाली. जेवायची वेळ टळून गेली होती, तरी तिनं भाकरी टाकल्या. पोटात पुऱ्या असताना आम्ही तिघांनीही त्या मुकाट्यानं खाल्ल्या. आई बसली होती तिथे तिच्या साडीचा काठ अजून ओला होता आणि त्याला बारीक वाळू चिकटली होती. मला ते दिसत होतं. आत्या वाढायला दर वेळी त्याच बाजूनं वाकत होती.

निघताना आत्या डाळीची पिशवी घेऊन गाडीशी आली. मी डिकी उघडली. चादर तशीच होती. आत्यानं चादर बाजूला केली आणि डबा उचलला. तो हलका होता. आतले चमचे वाजले. तिनं तो खाली ठेवला, पिशवी आत ठेवली, डिकी लावली आणि आईच्या खिडकीशी आली. खिडकीची काच खाली होती.

"पानी होतं का?" तिनं विचारलं.

बाबांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं. पंक्चरचं आता काही उपयोगाचं नव्हतं. आत्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आम्हाला सोपं गेलं असतं. तिनं ते असं विचारलं, जसं लोक स्वतः न गेलेल्या लग्नाबद्दल विचारतात, जेवण कसं होतं, माणसं किती होती. आणि मला त्या क्षणी जांभळी साडी आठवली, दर वर्षीचा तो प्रश्न आठवला. ती प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहायची आणि आम्ही दर वर्षी तिला उत्तर द्यायचो की पुढे कुठे जायचंच नाही.

आईनं तिच्याकडे मान पूर्ण वळवून पाहिलं.

"नाही बाई," आई म्हणाली. "पानीच नोतं. काई दिसलं नाही आमाले. पुढच्या साली तुमी चला आमच्यासंग, तवाच पाहू."

जुलैचा तो महिना. गावच्या नाल्यालाही गुडघाभर पाणी होतं. आत्यानं एकदा आईच्या साडीच्या काठाकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "मंग पुढच्या सालीच पाह्यजा."

आर्णीच्या पुढे आईनं मला फोटो काढून टाकायला सांगितले. मी म्हटलं, कशाला, ते फोनमध्ये आहेत, आत्याला कुठे दिसणार आहेत? आई म्हणाली, "पाह्यलं नाही म्हटलं तं पाह्यलं नाही." मला राग आला. जे पाहण्यासाठी आई इतकी वर्षं थांबली, जे पुढच्या वर्षी तिला किती दिसेल हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते, ते तिनं पाहिलं होतं. आणि आता ती म्हणत होती की पाहिलं नाही. मी तसं बोलले. बाबा पुढून म्हणाले की तिला तिचं कळतं. मी गाडीतच एकेक फोटो काढून टाकला, रागारागानं, आणि आईला फोन दाखवला. तिनं चष्मा वर करून नीट खात्री करून घेतली.

ते वर्षभर तिनं शब्द पाळला. शेजारणींनी विचारलं तर ती म्हणायची, यंदाही जमलं नाही. दाराचं चित्र तिनं काढलं नाही. डोळ्यांत थेंब घालायची आणि दार बंद करून त्याच्यासमोर उभी राहायची. नजर किती राहिली हे ती त्यावरून तपासते, हे मला नंतर कळलं. ती टिकली, फार कमी झाली नाही.

पुढच्या जुलैत आम्ही जुन्या रस्त्यानं गेलो. बाबांनी गाडी उभी केली तेव्हा आत्या ओट्यावर जांभळी साडी नेसून बसली होती आणि तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेला डबा होता. तिनं चहाचं विचारलं नाही. पुढे कुठे जायचं ते विचारलं नाही. सरळ मागच्या सीटवर येऊन माझ्या आणि आईच्या मध्ये बसली आणि डबा पायांत ठेवला.

उमरखेडच्या पुढे गेल्यावर ती बोलायला लागली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती या धबधब्याचं ऐकत होती. बैलगाड्या गेल्या, मग जिपा गेल्या, आता पोरं मोटरसायकलवर जाऊन येतात. तिला कोणी चल म्हटलं नाही. मी विचारलं की मग आम्हाला का नाही सांगितलं, आम्ही तर दर वर्षी येत होतो.

"तुमी तं मले भेटाले येत होते," आत्या म्हणाली. "मंग मी कशी म्हनू, मले घेऊन चाला?"

बाबांनी गाडीचा आरसा उगाच सारखा केला.

त्या वर्षी पाऊस बेताचा होता. कठड्याशी आलो तेव्हा खडक उघडे होते आणि त्यांच्यामधून पाणी खरोखरच असंख्य पांढऱ्या धारांनी पडत होतं, कॅलेंडरवर होतं तसं. आत्या आणि आई शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. आई पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी वागत होती, आणि चांगलं वागत होती. मोठ्यानं आश्चर्य व्यक्त केलं, बाबांना विचारलं की ही कोणती नदी. बाबांनीही पैनगंगेचा उगम सांगायला घेतला. आई मान हळूहळू फिरवत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आत्या मात्र नुसती पाण्याकडे पाहत होती.

मग तिनं पाण्यावरून नजर न काढता विचारलं, "मांगच्या साली यापरीस जास्त होतं का?"

"लय जास्त होतं," आई म्हणाली. "पन मातकट. असं नोतं दिसत."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तिचा हात तोंडाशी गेला. बाबा उगमाशीच थांबले. आत्यानं मान हलवली, जसं काही तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं. ती खाली बसली, फडक्याची गाठ सोडली आणि डब्याचं झाकण काढलं. आत तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या.

"घे," ती आईला म्हणाली. "पुरी खा."